मुडलीला दुखवटा नसतो

४ नोव्हेंबर

पल्लवीने बेळगावहून येताना ही डायरी आणली. ती तिथे नर्सिंगला आहे. कुठल्याशा औषधवाल्यांची डायरी आहे, प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या बाटलीचं चित्र. म्हणाली, "आई, तू बोलत नाहीस, रडत नाहीस. निदान लिही तरी." मी म्हटलं, काय लिहू? "घडलं ते लिही."

आज काही घडलं नाही. ब्लाऊज शिवले.

घरात दुखवटा आहे. हे जानेवारीत गेले. गणेशगुडीहून जीप घेऊन आले, उंबऱ्यावर बसले, पाणी मागितलं. मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. वर्ष होईपर्यंत सणवार नाही, टीव्ही नाही. टीव्हीवर माझी जुनी साडी टाकली आहे. शेजारी ह्यांच्या सीडींचा खोका आहे. सगळे राक्षसांचे पिक्चर. माणूस गिळणारी वेल, हेलिकॉप्टर खाणारा विंचू, रबराचा गोरिला. मला असले पिक्चर आवडत नाहीत. मी स्वयंपाकघरातच असायचे.

सकाळी भावजी येऊन गेले. बाबुराव भावजी, ह्यांचे थोरले भाऊ, रामनगरला दुकान आहे. जाताना शिडी घेऊन गेले. "बाईमाणसाला शिडी कशाला? चढशील आणि पडशील." उन्हाळ्यात जीप नेली होती, उभी राहून गंजते म्हणून. पावसाळ्यात मिक्सर नेला, एकट्या माणसाला वाटण ते किती लागतं म्हणून. त्यांना आमची काळजी आहे.

वर्षश्राद्ध झालं की मला रामनगरला न्यायचं ठरलं आहे. भाताच्या कोठीमागची खोली माझ्यासाठी मोकळी करणार आहेत. हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे हो झालं असेल.

११ नोव्हेंबर

दुपारी दारात टेम्पो थांबला. अमोल नावाचा मुलगा उतरला. बेळगावात लग्नाचे व्हिडिओ काढतो, आता पिक्चर काढायला आमच्या जोयड्यात आला आहे. म्हणाला, "काकू, मगरीला टाके घालायचेत."

मगर चौघांनी धरून आत आणली. गादीचा स्पंज, त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्याचे झुपके, डोळ्यांच्या जागी दोन बॅटऱ्या. पाठीवर लांब चेन, तिथून माणूस आत शिरतो. शेपूट येताना वाटेत कुठेतरी पडलं. ही मगर नदीतून येते आणि पर्यटकांना खाते, अशी गोष्ट आहे.

शेजारची बाळीमावशी परकराला नाडी घालून घ्यायला आली होती. ती कुणब्यांची, घरामागे कंद लावते. तिने मगरीला एक फेरी मारली, अंगठ्याने दाबलं, नखाने खरवडलं.

"कुणाच्या वाडीतली गो ही मुडली?"

मुडली म्हणजे आमच्याकडचा मोठा कंद. अळूच्या जातीचा, खरबरीत, अंगभर मुळ्या, माणसाच्या मांडीएवढा होतो.

"मावशी, मगर आहे ती," अमोल म्हणाला.

"मगरीला शेपूट असतं. ही मुडली. एवढी फुगली म्हणजे आतून पोकळ असणार."

"दांडेलीला नदीत खऱ्या मगरी हायत की," तिने पुन्हा सुनावलं. "त्यांचा पिक्चर काढ."

"खरी मगर दिवसभर झोपते मावशी. तिच्यात ॲक्टिंग नाही."

मी टाके घातले. माप बघायला आत एकदा शिरून पाहावं लागलं. अंगाला बरोबर बसली.

१६ नोव्हेंबर

अमोलने गणेशगुडीला बोलावलं. शूटिंगमध्ये कुठे उसवलं तर लगेच शिवायला. शिवणकाम म्हणजे करमणूक नव्हे, म्हणून गेले.

मगरीच्या आत लखू आहे. दांडेलीचा, कबड्डी खेळतो. घाबरून पळायला आसपासच्या गावातून बायका आणल्या होत्या. अमोल 'ॲक्शन' म्हणाला. लखू झाडीतून हात पसरून बाहेर आला. बायका पुढे गेल्या.

मागे पळायचं होतं. त्या पुढे गेल्या आणि भोवती गोळा झाल्या. एकीने काथ्या ओढून बघितला. एक म्हणाली, कोंब कुठं हाय हिचा? दुसरी म्हणाली, लावायला तुकडा देशील काय रे?

अमोल ओरडला, "पळा! ती तुम्हाला खाणार आहे!"

बाळीमावशीही त्यांच्यात होती. म्हणाली, "आमचे आजे-पणजे हिला खाऊन जगले. ही काय आमाला खाते!"

दिवसभर हेच. संध्याकाळी अमोल दगडावर डोकं धरून बसला होता. मला त्याची दया आली. डब्यातली भाकरी दिली.

१८ नोव्हेंबर

अमोलने गोष्ट बदलली. आता मगर नाही, कंद. शेतकरी रासायनिक खत टाकतात, त्यामुळे मुडली पिसाळते आणि माणसं खाते. पिक्चरचं नाव 'पिसाळलेला कंद'. म्हणाला, यात सामाजिक संदेशही आहे.

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली आणि कुणब्यांची सात-आठ माणसं माझ्या दारासमोर उभी राहिली, कारण मुडली माझ्याकडे होती. त्यांचा पुढारी वासू शांतपणे म्हणाला, "मगर माणसं खाती, ते चालंल. आमची मुडली खाती म्हणून दाखवलं तर बाजारात कोण घेणार? आमी खत टाकत न्हाई. तिची बदनामी न्हाई चालायची."

अमोलने हात जोडले. मग कुणाच्या जमिनीत पिसाळली म्हणून दाखवू, विचारलं. माणसं आपापसात कुजबुजली. मग वासूच म्हणाला, "रिसॉर्टवाल्याच्या. त्यानं शोभेला लावली म्हणून दाखव."

सगळ्यांना पटलं. चहा झाला.

२१ नोव्हेंबर

लखूने काम सोडलं. मुडली आंब्याखाली टेकवून सगळे जेवायला बसले होते, तेवढ्यात चिगळ्या आत शिरल्या. पानं जोडून झाडावर घरटं करतात त्या लाल मुंग्या. लखूने आत जाऊन चेन ओढून घेतली आणि मग त्यांनी सुरुवात केली. तो जो उडाला, लोळला, झाडावर आपटला, गुरगुरला, तसं काम त्याने आधी कधीच केलं नव्हतं. अमोलने कॅमेरा बंद केला नाही. आज पहिल्यांदा बायका खरंच मागे सरल्या.

लखूला चेन उघडून बाहेर काढलं तेव्हा तो रडत होता. बाळीमावशी हळहळली. "सगळ्या चिरडल्यास रे. चटणीला झाल्या असत्या."

ह्यांना आवडलं असतं. हे म्हणायचे, मोठ्या पिक्चरातला राक्षस बघितला की झोप उडते, आणि आपल्या पिक्चरातला बघितला की झोप लागते. का, ते मी कधी विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर

अमोल आला आणि उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "काकू, माप तुमचंच बसतं. आत कसं शिरायचं, कसं वाकायचं, तुम्हालाच माहीत आहे. नाहीतर मला उद्या परत जावं लागेल."

मी म्हटलं, आमच्यात दुखवटा आहे. वर्ष झालेलं नाही. नाटक, पिक्चर, नाचणं चालत नाही.

बाळीमावशी दारातच मुडली सोलत बसली होती, खरी मुडली. मान वर न करता तिने अमोलला विचारलं, "तोंड कुणाचं दिसणार?"

"मुडलीचं."

"नाव कुणाचं लागणार?"

"मुडलीचं."

"मग दुखवटा तुला हाय गो. मुडलीला कुठला?"

मी पल्लवीला फोन केला. तिला वाटलं मी आजारी आहे. मग ती इतका वेळ हसली की फोन कट झाला.

२५ नोव्हेंबर

आज मी मुडली होते. रिसॉर्टची बाग तुडवायची होती. बाग म्हणजे वासूने आणून खोवलेल्या फांद्या.

आत गादीचा वास येतो. दोन भोकांतून थोडं थोडं दिसतं. कुणाचा पाय, कुणाची टोपली, आभाळाचा तुकडा. चालताना काथ्या सळसळतो. फार उकडतं.

वर्षभर लोक माझ्याकडे मान वाकडी करून बघतात. बसमध्ये जागा देतात. बोलताना आवाज बारीक करतात. आज सगळे माझ्याकडे बोट दाखवून हसत होते. एकीने माझ्या पोटावर थाप मारली. मी एका पोराच्या मागे लागले तर ते खिदळत पळालं. संध्याकाळी भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आवाज नंतर भरायचा आहे, तुम्ही नुसते हात हलवा, असं अमोल म्हणाला. ते बरं आहे. ओरडायला सांगितलं असतं तर मला जमलं नसतं.

२८ नोव्हेंबर

अमोल म्हणतो, पाठीवरची चेन दिसते, तिच्यावर पट्टी शिवा. शिवली.

पट्टी शिवताना आठवलं. हे टीव्हीसमोर बसून चेन शोधायचे. राक्षस शहर पाडत असायचा आणि हे पुढे सरकून राक्षसाच्या पाठीकडे बघायचे. दिसली की "चेन! चेन!" म्हणून ओरडायचे, लहान पोरासारखे. एकदा मी स्वयंपाकघरातून म्हटलं, एवढा वाईट पिक्चर बघता कशाला? हे म्हणाले, "मंगल, चेन दिसली की कळतं, आत कुणीतरी हाय. बिचारा उकडून निघालाय आपल्यासाठी. मग त्याचं भ्या वाटत न्हाई. त्याच्यावर जीव बसतो."

विंचवाच्या पिक्चरात चेन दिसते ती पूल पडल्यावर. वेलीच्या पिक्चरात नवरी किंचाळते तेव्हा. गोरिलाला दोनदा दिसते. मी काही हे पिक्चर पाहिलेले नाहीत. येता-जाता कानावर पडायचं.

३ डिसेंबर

भावजी आले. सोबत पँटवाला एक माणूस होता. त्याने आमच्या खोल्यांचे फोटो काढले, मागच्या पडवीत टेप धरली, न्हाणीघरात नळ सोडून पाणी किती जोरात येतं ते पाहिलं. मी विचारलं तर भावजी म्हणाले, सरकारी योजना आहे. त्यांना अशा बऱ्याच योजना माहीत असतात.

जाताना गोणपाटात गुंडाळलेली मोठी फळी मागच्या खोलीत ठेवली, तोंड भिंतीकडे करून. म्हणाले, "एका पाहुण्याचं सामान हाय, उघडू नको. आणि वर्षश्राद्ध झालं की टीव्ही मी नेतो. कोठीमागच्या खोलीत प्लग न्हाई."

मी मान हलवली. सीडींचा खोका कुठे ठेवायचा, हे विचारायचं राहिलं.

८ डिसेंबर

आज शूटिंग आमच्याच घरासमोर होतं. शेवटचा प्रसंग. मुडली रिसॉर्टवर चालून येते आणि पाटी पाडते. रिसॉर्ट म्हणून आमचं घर. अमोलने आणलेल्या रिसॉर्टच्या पाटीचा रंग काल पावसात भिजून ओघळला होता. अमोलची माणसं पाटीसारखं काहीतरी शोधत फिरत होती. मी मुडलीत होते, चेन लावलेली. भोकातून बघितलं तर दोघं मागच्या खोलीतून ती फळी घेऊन येत होते. उघडू नका म्हणायचं होतं, पण आतून बोललेलं बाहेर ऐकू जात नाही. त्यांनी गोणपाट काढून टाकलं.

हिरव्या रंगाची नवी पाटी. दोन हॉर्नबिल पक्षी काढलेले. वर लिहिलं होतं, 'परशराम स्मृती होमस्टे'. खाली 'निसर्गाच्या कुशीत, आपलं हक्काचं घर'. त्याखाली 'संपर्क: बाबुराव' आणि भावजींचा मोबाईल नंबर.

अक्षर चांगलं होतं. पेंटरने ह्यांच्या नावातला 'श' नीट काढला होता. पुष्कळ लोक 'परसराम' लिहितात.

अमोल खूश झाला. "एकदम खरी वाटते! काकू, हळूच धक्का द्या, पाटी पडेल. ॲक्शन!"

मी जरा जास्त मारलं. पाटी एका दणक्यात पडली, मग तिच्यावर उभी राहिले. मग काय झालं ते नीट आठवत नाही. कुठलंतरी जनावर ओरडत होतं. पहिल्यांदा वाटलं रानातून येतंय. बराच वेळ चाललं. डोळ्यांत घाम गेला होता, काही दिसेना. घाम तोंडातही जात होता, खारट.

अमोल 'कट' म्हणायचं विसरला. चेन बाळीमावशीने उघडली. पदराने माझं तोंड पुसलं. "किती घामेजलीस गो," म्हणाली, आणि पुसतच राहिली.

अमोल हळू आवाजात म्हणाला, "काकू, आता आवाज भरायला नको. हाच ठेवतो."

९ डिसेंबर

एक पाठमोरा शॉट राहिला होता, मुडली परत रानात जाते तो. तो आज काढला. जायच्या आधी मी चेनवरची पट्टी उसवली. अमोलने विचारलं तर म्हटलं, शिवण कच्ची होती, सुटली.

पाटीचे तुकडे जोडून पुन्हा गोणपाटात गुंडाळून ठेवले. तोंड भिंतीकडे.

१९ जानेवारी

वर्षश्राद्ध झालं. भटजी रामनगरहून भावजींनीच आणले. जेवणं व्यवस्थित झाली. भावजी सगळ्यांना सांगत होते, परश्याच्या नावानं काहीतरी कायमचं करायचं मनात हाय. पाहुणे म्हणाले, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

पुढच्या सोमवारी मला न्यायला टेम्पो येणार आहे. सामान बांधायला घेतलं. टीव्हीवरची साडी काढली, झटकली, घडी करून ठेवली.

२५ जानेवारी

संध्याकाळी मैदानावर पडदा लावून 'पिसाळलेला कंद' दाखवला. पूर्ण जोयडा लोटला होता. कुणब्यांनी कंदांच्या टोपल्याच आणल्या होत्या, मुडली चांगली खपली. प्रमुख पाहुणे भावजी. अमोलला कुणीतरी सांगितलं होतं की रामनगरचं वजनदार माणूस आहे. हार घालून पुढच्या खुर्चीत बसवलं. भाषणात म्हणाले, पर्यटन वाढलं पाहिजे आणि स्त्रियांचा मान राखला पाहिजे.

मी मागे बायकांत, बाळीमावशीजवळ बसले.

पिक्चर वाईट आहे. हिरॉईनची साडी पळताना निळी असते आणि पडल्यावर पिवळी. लखूला मुंग्या चावतात तिथे लोकांनी शिट्ट्या मारल्या, "वन्स मोअर" म्हणाले, अमोलने मागे नेऊन पुन्हा दाखवलं. लोक इतके हसत होते की भीतीची जागा कुठली ते कळत नव्हतं. मला वाटलं अमोलला वाईट वाटेल. तोही हसत होता.

मग आमचं घर आलं. मग पाटी.

अमोलने ती पडदाभर मोठी करून दाखवली होती. गर्दीतली शाळेची पोरं मोठ्याने वाचायला लागली. "परशराम... स्मृती... होमस्टे. आपलं... हक्काचं... घर. संपर्क... बाबुराव..." मग नंबर एका सुरात वाचला. कुणीतरी तो लावला. पुढच्या खुर्चीत हाराखाली फोन वाजायला लागला.

मग मुडलीने पाटी पाडली आणि ओरडली.

हसणं थांबलं. त्या आवाजाला कुणीच हसलं नाही. शेजारची बाई म्हणाली, "आत्ता ग बाई, कुठल्या जनावराचा म्हणायचा हा?" बाळीमावशीने माझा हात घट्ट धरला. बराच वेळ तो आवाज मैदानावर होता.

शेवटी मुडली पाठ करून रानाकडे जायला लागली. काथ्या सळसळत होता. आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत, उन्हात चमकत, ती दिसली.

"चेन!"

एवढ्या मोठ्याने कोण ओरडलं म्हणून लोक मागे वळले. पुढच्या खुर्चीतून भावजीही वळले. मी उभी होते. उभी कधी राहिले ते कळलं नाही. मग पोरं ओरडली, "चेन! चेन!" मग सगळं मैदान ओरडायला लागलं.

२७ जानेवारी

सकाळी टेम्पो आला. भावजींचे डोळे लाल होते. म्हणाले, दोन दिवस फोन थांबत न्हाई. लोक विचारतात, मुडलीला खोली मिळंल काय.

"चल, सामान कुठं हाय?"

मी म्हटलं, "न्हाई."

"काय न्हाई? सामान न्हाई?"

"मी येत न्हाई."

त्यांनी कानामागे हात धरला. त्यांना ऐकू कमी येत नाही. मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला पहिल्याइतकं जड गेलं नाही. ते म्हणाले, "एकटी बाई काय करणार? तुझ्या भल्यासाठीच..." मी आत गेले, पाटीचे तुकडे आणून टेम्पोत ठेवले. मग म्हटलं, येताना शिडी आणा, मिक्सर आणा. जीपही आणा, पल्लवी चालवायला शिकेल. टेम्पो आणलाच आहे तर आजच दोन फेऱ्या होतील.

जास्त बोलले की काय, असं आता वाटतं.

दुपारी शिडी आली. मिक्सर आला, भांडं बदललेलं आहे. जीप उद्या.

संध्याकाळी बाळीमावशी मुडली उकडून घेऊन आली, मीठमिरची लावून. टीव्ही लावला. खोक्यातला विंचवाचा पिक्चर घातला. मी स्वयंपाकघरात गेले नाही, चटईवर तिच्याजवळ बसले. पिक्चर फारच वाईट आहे. पूल पडायची वेळ आली तशी ती पुढे सरकून डोळे बारीक करून विंचवाच्या पाठीकडे बघायला लागली.

कुठे दिसते ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तिचं तिलाच दिसू दे म्हटलं.